सुगराचं आभाराचं भाषण

रंकाळ्याच्या काठी लोक म्हशी धुवायला येतात, कपडे बडवायला येतात, संध्याकाळी वारा खायलाही येतात. नुसता आवाज करायला सहसा कुणी येत नाही. पण शाहू महाराज गादीवर बसून वीसेक वर्षं झाली होती, तेव्हाच्या एका श्रावणात तशी दोन माणसं रोज सकाळी तिथं येऊ लागली, आणि दोघांचीही समजूत अशी की ही जागा आपल्या एकट्यालाच सापडली आहे.

पहिली सुगरा. बांगडीवाल्या बादशहा मणियारांची थोरली मुलगी. शुक्रवार पेठेत एका मंडळीनं चालवलेली बायकांची ट्रेनिंग शाळा होती. तिथं शिकून बायका मास्तरीण होत. त्या वर्षी सुगरा परीक्षेत पहिली आली होती, आणि दाखले देण्याच्या समारंभात आभाराचं भाषण पहिलीनं म्हणायचं अशी तिथली वहिवाट होती. घरी पाठांतराला सुरुवात केली की तिची खैरुनफुफी, म्हणजे आत्या, स्वयंपाकघरातून विचारायची, "कुणाशी भांडतीस गं?" म्हणून बिचारी तळ्यावर यायची.

दुसरा शमशुद्दीन. गौसमामांच्या बँडात तो क्लॅरोनेट वाजवायचा. घरी सराव केला तर शेजारची म्हैस दूध चोरते, अशी तक्रार होती. ती खरी की खोटी, हे म्हशीलाच माहीत. पण मामांनी त्याला सकाळी घराबाहेर काढलं ते काढलंच.

त्या दिवशी बारीक भुरभुर चालू होती. सुगरा झाडाखाली पाण्याकडं तोंड करून उभी होती आणि ठणठणीत आवाजात म्हणत होती, "मातृतुल्य सुपरिंटेंडेंटबाईसाहेबांच्या कृपाछत्राखाली आम्हां अज्ञ बालिकांना—"

पडक्या भिंतीपलीकडून क्लॅरोनेटचा एक लांबलचक सूर आला.

तिनं पुन्हा सुरुवात केली. सूरही पुन्हा आला. तिनं भिंतीला वळसा घातला. तिथं एक सडपातळ तरुण स्वतः खुशाल भिजत, वाजवून झालेलं वाद्य कोटाच्या आत घालून पुसत उभा होता.

"पावणं, जरा थांबताय काय? मला पाठ करायचंय."

"मी रोज हितंच वाजवतो, बाई."

"मी बी रोज हितंच बोलती."

"मग मला कसं कळलं न्हाय?"

"वाजवायचं थांबला असता तर कळलं असतं की."

तो हसला. हसल्यावर त्याच्या डाव्या गालावर खळी पडते, हे सुगराला दिसलं आणि दिसायला नको होतं असं तिला वाटलं. शेवटी तोडगा निघाला तो असा: आधी तिनं बोलायचं, मग त्यानं वाजवायचं, आणि एकानं दुसऱ्याच्या मध्ये पडायचं नाही. करार झाल्यावर दोघांनीही तिथून लगेच निघायला हवं होतं. निघालं कुणीच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं करार मोडला. मध्ये पडला नाही, पण तिचं बोलून होताच म्हणाला, "त्या कृपाछत्राखाली तुमचा दम तुटतोय."

"तुमाला काय करायचंय?"

"न्हाय, आमचं पोटच दमावर हाय म्हणून सांगितलं. त्याच्या आधी दम घ्या. बगा तरी."

तिनं त्याच्यासमोर मुळीच करून बघितलं नाही. घरी जाताना वाटेत करून बघितलं. जमलं. ते तिनं त्याला सांगितलं नाही, पण तिसऱ्या दिवशी ती त्या शब्दावरून सरळ पुढं गेली तेव्हा भिंतीपलीकडं कुणीतरी खाकरलं.

"आनि तुमचं ते शेवटचं वळण रोज फाटतंय," ती म्हणाली.

"म्हंजे माझं बी ऐकताय व्हय रोज?"

"कानाला झाकणं न्हाईत म्हणून."

"बरंच झालं की मग…"

काय बरं झालं ते त्यानं सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. पाऊस मात्र त्या आठवड्यात त्यांच्या बाजूनं होता. तिची भाषणाची वेळ झाली की थांबायचा, आणि निघायची वेळ झाली की असा काही यायचा की झाडाखाली आणखी थोडं उभं राहणं भाग पडायचं. दोघांच्या मध्ये तेव्हा एक हात अंतर असे. ते कमी करायला दोघांपैकी कुणी पुढं सरकलं नाही, आणि वाढवायलाही कुणी मागं सरकलं नाही.

इथं सुगराच्या घरातला करार सांगायला हवा, कारण खरी गोष्ट त्यावर अडली होती. दोन वर्षांपूर्वी मिरजेच्या एका तंबाखूवाल्यानं आपल्या मुलासाठी तिला मागणी घातली होती. बादशहांना स्थळ पसंत होतं. मुलीनं चुलीपाशी बसून धरणं धरलं, तेव्हा बाप म्हणाला, "बरं. शीक. दाखला आण, नोकरी धर, मग तुझं लगीन तुझ्या मर्जीनं. दाखला न्हाय आला तर मिरज." तिनं होकार दिला. दोन वर्षं रात्रंदिवस घासून ती पहिली आली. कोडोलीच्या मुलींच्या शाळेत जागा ठरली होती. दाखला दाखवायचा आणि हजर व्हायचं. म्हणजे हातातला घास तोंडात जायचा तेवढा बाकी होता.

समारंभाच्या आधी दोन दिवस ती तळ्यावर आली, पण तिनं भाषण म्हटलंच नाही.

"आज सुट्टी?" भिंतीपलीकडून शमशुद्दीननं विचारलं, आणि तो अलीकडं आला.

"काल बैठक सांगितली शाळंत," ती म्हणाली. "कुणी कुठं बसायचं ते. झुंबरबाईसाहेब येणार हाईत, जहागीरदारांच्या. त्या एकेकीची ओटी भरणार आनि ओटीबरुबर दाखला हातात देणार. मी मुसलमानाची, तर मला कुंकू न्हाय, नुसता खण-नारळ. ते ठीक हाय."

"मग?"

"आमच्यात तिघी विधवा हाईत. त्यांनी मागच्या खोलीत चिकाच्या पडद्याआड बसायचं. समारंभ शुभ हाय म्हणे. त्यांचा दाखला कारकून देणार. मागच्या दारानं, सगळी गेल्यावर. त्यात धोंडुबाई हाय. हुपरीची. दोन वर्सं आमी एका कंदिलाखाली अभ्यास केला. माझी गणितं तिनं करून घेतली, न्हायतर कुठली पहिली येती मी?"

"मग बोला की हे."

"भाषणात न्हाय ते."

"भाषण कुणाचंय?"

"ऑफिसनं लिहून दिलेलं. दर साली तेच असतंय. नाव तेवढं बदलायचं."

"आनि तोंड कुणाचंय?"

तिनं त्याच्याकडं रागानं बघितलं. राग त्याच्यावर नव्हता, हे दोघांनाही कळलं. मग तो अपराधी चेहरा करून म्हणाला, "तुमाला सांगायचं राहिलं. परवा तुमच्या शाळंत आमचाच बँड हाय."

समारंभाच्या दिवशी पत्र्यावर पाऊस वाजत होता. दिवाणखान्यात जाजम अंथरलेलं, खुर्चीवर झुंबरबाईसाहेब, समोर खण-नारळांची ताटं, आणि पास झालेल्या मुली नव्या लुगड्यांत. मंडळीचे पुरुष एका बाजूला. बँड पडवीत, उघड्या दारांसमोर. मागच्या खोलीच्या दाराला बांबूच्या चिकाचा पडदा, आणि त्यामागं तीन पांढुरक्या आकृती.

सुपरिंटेंडेंट बाळाबाई आत आल्याच नाहीत. त्या बाजूच्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्याही विधवा. ही शाळा त्यांनी उभी केली, प्रत्येक मुलीला हाताला धरून शिकवलं, आणि दर साली हा समारंभ त्यांनी दाराआडून पार पाडला. दुसऱ्यांना लावलेला नियम त्यांनी आधी स्वतःला लावला होता, म्हणून त्यांना कुणी काही म्हणू शकत नसे. पडवीतल्या बँडला खूणही त्याच तिथून करायच्या. त्यांनी हात वर केला की गौसमामा शमशुद्दीनकडं बघायचे, शमशुद्दीन सूर द्यायचा, आणि त्या सुरामागून बाकीचे उठायचे. बाकीच्यांना कागदावरचं वाचता येत नव्हतं. सगळे त्याच्या मागून जात.

सुगरा उभी राहिली. मातृतुल्य म्हणून झालं. दम घेऊन कृपाछत्राखालून ती सुखरूप बाहेर पडली. अज्ञ बालिकांशी आली आणि थांबली.

"इथवरचं ऑफिसनं लिहून दिलेलं आहे," ती म्हणाली. "पुढचं माझं आहे."

मुलींच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"आमच्या वर्गातल्या पास झालेल्या सगळ्या इथं दिसत नाहीत. तिघी त्या पडद्यामागं बसल्या आहेत. त्यांतल्या धोंडुबाई हुपरीकर दुसऱ्या आल्या आहेत. ओटीचं मी म्हणत नाही—"

बाळाबाईंचा हात वर गेला. गौसमामांनी ढोलाची काठी उचलली आणि भाच्याकडं बघितलं. शमशुद्दीननं क्लॅरोनेट ओठांना लावलं. सगळे सज्ज झाले. आणि तो तसाच उभा राहिला. गाल फुगलेले, बोटं भोकांवर, आणि सूर नाही.

बाळाबाईंनी हात आणखी वर केला. मामांनी काठीच्या टोकानं त्याला ढोसलं. तो हलला नाही. तो आत, जाजमावर उभ्या असलेल्या मुलीकडं बघत होता. तिनंही एकदाच तिकडं बघितलं, आणि तिला कळलं की आपल्याला पुढं बोलायला वाट आहे.

"ओटी हा ज्याच्या त्याच्या घरचा रिवाज. पण दाखला म्हणजे ओटी नव्हे. तो अभ्यासाचा असतो, आणि अभ्यास त्यांनी आमच्याबरोबर बसून केला. तो त्यांना मागच्या दारानं का द्यायचा, एवढंच मला विचारायचं होतं. आभारी आहे."

ती खाली बसली. ती बसल्यावर मग शमशुद्दीननं सूर दिला, बँड उठला, आणि जणू काही झालंच नाही असं कवायतीचं गाणं सगळ्या पेठेत घुमलं. झुंबरबाईसाहेबांनी ओट्या भरल्या, दाखले वाटले. पहिलं नाव सुगराचं यायचं होतं. ते पहिलं आलं नाही, आणि शेवटीही आलं नाही.

संध्याकाळी निकाल कळला. दाखला राखून ठेवला आहे. येत्या शनिवारी सगळ्या शाळेसमोर उभं राहून, मी बोलले ते चुकीचं बोलले अशी माफी मागावी, म्हणजे मिळेल. नाही मागितली तर मिळणार नाही.

बादशहांनी हे ऐकून घेतलं. ते आरडाओरडा करणारे गृहस्थ नव्हते. बायकांच्या मनगटांना न दुखवता बांगड्या चढवण्यात त्यांचा जन्म गेला होता. "माफी माग," ते एवढंच म्हणाले. "न्हायतर बोली तुला ठाऊक हाय."

दोन दिवसांनी सुगरा धोंडुबाईकडं गेली. तिला वाटलं होतं, निदान तिथं तरी कुणी पाठीवरून हात फिरवील. धोंडुबाई ट्रंक बांधत होती. तिनं मान वर केली नाही.

"मला विचारलंतीस?"

"काय?"

"माझं नाव घ्यायच्या आधी मला विचारलंतीस? मी गपचिप दाखला घेऊन जाणार हुते. मागच्या दारानं तर मागच्या दारानं. कुणाला ठावं पडलं नसतं. आता महाद्वारापतुर सगळी वळखत्यात. 'ती बघ, पडद्यामागची.' काल भाजीवाली म्हणाली मला."

आपण बोललो ते खरं होतं, हे सुगराला माहीत होतं. पण ते धोंडुबाईचं होतं, आणि ते आपण न विचारता उचललं, हे तिच्या ध्यानात आलंच नव्हतं. पहिल्या येणाऱ्या मुलींचं असं होतं कधीकधी. ती उंबऱ्यावर बसून रडली. धोंडुबाईनं थोडा वेळ ट्रंक बांधली, मग उठून तिला पाणी दिलं आणि पुन्हा ट्रंकेकडं वळली.

सकाळी सुगरा तळ्यावर गेली. पाठ करायला आता काही नव्हतं, तरी गेली. शमशुद्दीन भिंतीवर बसला होता, रिकाम्या हातानं.

"क्लॅरोनेट?"

"मामाचं हाय ते. त्यांनी ठिवून घेतलं."

हळूहळू सगळं बाहेर आलं. मंडळीचा कारकून मामांच्या घरी आला होता. मामांनी आधीच पढवून ठेवलं होतं: पावसानं वाद्याच्या तोंडाची पत्ती भिजली, वाजलंच नाही, एवढं म्हण, की सगळं मिटतंय. कारकूनसुद्धा तेच ऐकायला तयार बसला होता. चांगला माणूस होता.

"मग?"

"मी म्हणालो, पत्ती ठणठणीत हुती. बाई बोलत हुत्या, म्हणून न्हाय वाजवलं."

"येडं हाय का तुमी?"

"मामा बी तेच म्हणालं. मग घराबाहेर काढलं."

पाण्यावर थेंब पडत होते, अगदी बारीक. सुगरानं पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"माझ्यासाठी केलं?"

"न्हाय," तो म्हणाला. मग म्हणाला, "म्हंजे… थोडं तुमच्यासाठी. थोडं त्या पडद्यामागच्या बायकांसाठी. आनि थोडं माझ्यासाठी. तुमी फुडं काय म्हणताय ते मला ऐकायचं हुतं."

तिचं आजवर पुष्कळांनी ऐकून घेतलं होतं. फुफीनं हसून, बापानं नाइलाजानं, मास्तरांनी गुण द्यायला. तिचं पुढचं वाक्य ऐकायला मिळावं म्हणून कुणी नोकरी घालवली नव्हती. हा माणूस आपल्याला हवा आहे, हे तिला इतकं स्वच्छ कळलं की ती घाबरली. कारण शनिवारी माफी मागितली नाही तर मिरज होती, आणि मागितली तर या माणसाच्या तोंडाकडं बघायची सोय उरणार नव्हती.

"मी काय करू?" तिनं विचारलं.

"ते मी न्हाय सांगणार."

"का?"

"मी सांगितलं तर ते माझं हुईल." तो खाली उतरला. "पर एक सांगतो. माफी मागा, न्हायतर मागू नगा… मी हितं येणारच. वाजवायला काय न्हाय, तरी बी येणार."

एवढं म्हणून तो कानापर्यंत लाल झाला आणि निघून गेला. बँडवाला असूनही त्याला ताल राखून बाहेर पडता आलं नाही. चिखलात पाय घसरला, सावरला, आणि मागं न बघता गेला. सुगरा एकटीच हसली, चार दिवसांत पहिल्यांदा.

शनिवारी दिवाणखान्यात सगळी शाळा बसली. या वेळी समारंभ नव्हता, शुभाशुभ काही नव्हतं, तरी सवयीनं विधवा मागं बसल्या होत्या आणि बाळाबाई बाजूच्या दारात उभ्या होत्या. धोंडुबाईची बैलगाडी दुपारची होती. ट्रंक बाहेर ठेवून ती आली होती.

सुगरा उभी राहिली. तिच्या हातात कागद नव्हता.

"मी माफी मागायला उभी आहे," ती म्हणाली. "मी धोंडुबाईंची माफी मागते. मी त्यांचं नाव चारचौघांत घेतलं, आणि घेण्याआधी त्यांना विचारलं नाही. त्याचा त्यांना त्रास झाला. ही माझी चूक. पुन्हा करणार नाही."

बाळाबाईंनी दारातूनच विचारलं, "आणि जे बोललीस त्याबद्दल?"

सुगराच्या डोळ्यांसमोर मिरज आली, तंबाखूची पोती आली. "त्याबद्दल माफी मागायला माझ्यापाशी काही नाही, बाईसाहेब," ती म्हणाली. "खोटं बोलले असते तर मागितली असती."

बाळाबाईंचं तोंड आवळलं गेलं. सुगराला वाटलं, संपलं. आणि मागून लुगड्याची सळसळ झाली. धोंडुबाई उठली होती. ती मुलींच्या मधून वाट काढत सरळ पुढं आली, सुगराच्या शेजारी उभी राहिली, आणि कमरेची पिशवी सोडून तिनं आपला दाखला बाहेर काढला.

"माफ केलं हिला," ती म्हणाली. तिचा आवाज गावाकडचा, मोठा, आणि तिला तो लहान करता येत नसे. "आता माझं ऐका, बाईसाहेब. हा मला कारकुनानं दिला. मागच्या दारात, छत्रीतनं हात काढून. दोन वर्सं तुमी शिकवलं मला. रातच्याला माझं डोसकं दुखायचं तर तुमी तेल लावलंय. मला ह्यो तुमच्या हातनं पायजे. न्हायतर ह्यो ठिवा तुमच्यापाशीच."

आणि तिनं दाखला बाळाबाईंपुढं धरला.

बाळाबाईंनी आजवर त्या शाळेत एकही दाखला कुणाच्या हातात दिला नव्हता. त्या कागदाकडं बघत राहिल्या. त्यांना राग आला असावा. लाज वाटली असावी. आणखीही काही असेल, ते त्यांनी कुणाला कधी सांगितलं नाही. मग त्यांनी उंबरा ओलांडला, दिवाणखान्यात आल्या, दाखला घेतला, आणि "धोंडुबाई, हुपरी. दुसरी," असं म्हणून तो तिच्या ओंजळीत ठेवला. धोंडुबाईनं वाकून पायाला हात लावला. मुली रडत होत्या. त्या वयाच्या मुलींना रडायला तेवढं पुरतं.

सुगराला त्यांनी ऑफिसात बोलावलं. तिचा दाखला टेबलावर होता. वर्तणुकीची जागा तेवढी कोरी होती. बाळाबाईंनी टाक बुडवला.

"मंडळी मला विचारतील, काय शिक्षा केलीत म्हणून. काहीतरी दाखवायला हवं. बाकी सगळ्यांची वर्तणूक मी उत्तम लिहिली आहे." त्यांनी लिहिलं, टिपकागद दाबला आणि दाखला पुढं सरकवला. "तुझी बरी. वाईटसुद्धा लिहिता आलं असतं, हे लक्षात ठेव. जा आता."

कोडोलीकरांना वर्तणुकीशी काही कर्तव्य नव्हतं. त्यांच्या गावी यायला दुसरी कुठली मास्तरीण तयार नव्हती. सुगरा हजर झाली. बादशहांनी बोली पाळली आणि मिरजेला नकार कळवला. पण मर्जीनं लग्न म्हणजे मुलगी थेट नाव घेऊन उभी राहील, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

"बँडवाला?" ते म्हणाले. "त्यातनं काढून टाकलेला?"

"परत घेतलाय," सुगरा म्हणाली. ते खरं होतं. लग्नसराई तोंडावर आली, आणि क्लॅरोनेटशिवाय गौसमामांचा बँड म्हणजे नुसता ढोलाचा धबधबा, हे मामांना पहिल्याच वरातीत कळलं. त्यांनी भाच्याला माफ केलं नाही. फक्त बोलावून आणलं. "आनि काढला असता तरी चाललं असतं, बाबा. माझा पगार हाय की."

बादशहा बराच वेळ बांगड्यांचे जोड लावत बसले. शेवटी म्हणाले, "मनगट बगून बांगडी भरायची असती. तू बगितलंस न्हवं नीट?"

"बगितलं," ती म्हणाली.

निकाह मार्गशीर्षात झाला. दारात मांडव, मांडवात पुरुष, काझीसाहेब आणि त्यांच्यापुढं मान खाली घालून बसलेला शमशुद्दीन. आतल्या खोलीत बायकांच्या गराड्यात सुगरा. मधल्या दाराला पडदा. रीतीप्रमाणं नवरीच्या बाजूचे वकील आणि दोन साक्षीदार पडद्यापाशी आले, नवऱ्या मुलाचं नाव आणि त्यानं नवरीला द्यायची मेहरची रक्कम सांगून त्यांनी विचारलं, कबूल आहे का?

या वेळी नवरीनं काही बोलायचं नसतं. तिनं लाजायचं, फार तर मान हलवायची, आणि शेजारच्या एखाद्या वयस्क बाईनं "हां म्हणाली, हां म्हणाली" असं बाहेर कळवायचं. खैरुनफुफीच्याही लग्नात तसंच झालं होतं, फुफीच्या आईच्याही. फुफी तयारीत बसली होती. तिनं तोंड उघडलंसुद्धा.

सुगरानं तिच्या हातावर हात ठेवला.

"फुफी, मला विचारलंय," ती म्हणाली.

मग तिनं दम घेतला आणि मांडवाच्या शेवटच्या कनातीपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली, "कबूल."

पडद्यापाशी वकिलांनी साक्षीदारांकडं बघितलं. काझींनी भुवया वर केल्या. कोपऱ्यात बसलेले गौसमामा कुणाकडं तरी बघून डोकं हलवू लागले. शमशुद्दीनची मान अजून खालीच होती, पण आता तो हसत होता, आणि ते लपवण्याचा त्यानं काही प्रयत्न केला नाही.

रीतीप्रमाणं तीनदा विचारतात. सुगरानं तिन्ही वेळा स्वतःच उत्तर दिलं.